आधी आग, मग ऐरण

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्याआधीचे काही आठवडे रस्त्याकडेच्या घिसाड्यांच्या पालांपुढे ठोक्यांचा आवाज थांबत नाही. नवे कोयते घडवायचे असतात, जुने पाजवायचे असतात, कुऱ्हाडी शेवटून घ्यायच्या असतात. पालापुढे जमिनीत एक खळगा, त्यात कोळसा, शेजारी हाताने फिरवायचा पंखा. लाकडी ओंडक्यात ठोकलेली छोट्या तोंडाची ऐरण, दोन-तीन सांडश्या, छिन्नी, एक हातोडा, एक घण. बाप्या बसून तापलेला तुकडा ऐरणीवर फिरवतो, बाई उभी राहून घण घालते, पोर पंख्याचं चाक फिरवतं. संसार एका टेम्पोत मावतो आणि कारखानाही त्याच टेम्पोत.

गेल्या काही वर्षांत लोहारकामाकडे वेगळ्या वाटेने येणारी माणसंही दिसू लागली आहेत. सुट्टीच्या दिवशी सुऱ्या घडवणारा संगणक अभियंता, अवजारांच्या दुरुस्तीसाठी तालुक्याला हेलपाटे घालून कंटाळलेला शेतकरी, शिल्पकलेचा विद्यार्थी, स्वतःच्या फर्निचरला हाताने घडवलेल्या कड्या लावू पाहणारी डिझायनर. त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ऐरण कुठे मिळेल आणि केवढ्याला? सगळे पैसे तिच्यावर खर्च होतात, आगीची सोय मात्र कशीतरी उरकली जाते. मग नीट न तापलेलं लोखंड बडवून मनगट दुखतं, कोपर धरतं आणि महिन्याभरात हौस विरते. घिसाड्याच्या पालासमोर तासभर उभं राहिलं की खरा क्रम कळतो. त्याची ऐरण लहान असते, पण आग नेमकी असते. नवशिक्याला जी यादी हवी असते ती तिथे उघड्यावर मांडलेली असते, आणि पिढ्यान् पिढ्या त्यातली अनावश्यक वस्तू गळत गळत ती इतकी छोटी झालेली असते.

म्हणून सुरुवात आगीपासून. बोटाएवढ्या जाडीच्या सळईसाठी मोठा जाळ लागत नाही. नारळाएवढा निखाऱ्यांचा गाभा पुरतो, पण तो सगळीकडून बंदिस्त आणि खोल हवा. नवशिका पसरट शेगडी करतो, त्यात कोळशाचा एकच थर देतो आणि सळई वर ठेवतो. ती लाल होते, पण त्यापुढे जात नाही आणि पृष्ठभागावर खवले धरतात. कारण साधं आहे. वाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी प्राणवायू भरपूर असतो. तो निखाऱ्यांतून वर चढत जातो तसा जळून संपतो. तिथे, म्हणजे नळीपासून चारेक इंचांवर, आग सर्वांत कामाची असते, कारण उष्णता पूर्ण असते आणि लोखंड खाणारा प्राणवायू जवळजवळ उरलेला नसतो. सळई त्या थरात आडवी सरकवायची, खाली निखारे, वरही निखारे. तिचं टोक वाऱ्याच्या तोंडाकडे रोखलं की ते जळणारच. एवढी एक गोष्ट ध्यानात आली तरी निम्मं काम सोपं होतं.

अशी भट्टी घरी बांधायला फारसा खर्च नाही. दीड-दोन फूट लांबी-रुंदीचा पत्र्याचा किंवा फळ्यांचा खोका, त्यात दाबून भरलेली माती, मधोमध खळगा. एका बाजूने लोखंडी नळी आत आणायची आणि तिचं तोंड खळग्याच्या तळापासून दोन-तीन बोटं वर ठेवायचं. चिकणमातीत वाळू आणि थोडा भुसा किंवा चिरलेलं गवत मळून खळग्याला आतून लिंपायचं. ते दोन-चार दिवस सावलीत वाळू द्यायचं आणि पहिली आग अगदी मंद ठेवायची, नाहीतर लिंपण तडकतं. तडकलं तरी पुन्हा लिंपता येतं, हाच मातीचा मोठा गुण. फळ्यांचा खोका असेल तर खळग्यापासून फळीपर्यंत वीतभर तरी माती राहू द्यावी. नदीतले गोटे आणि सिमेंटचं काँक्रीट मात्र आगीजवळ नको. त्यांच्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात आणि चिपा उडतात. भट्टीच्या विटा मिळाल्या तर उत्तम, पण त्यांच्यावाचून अडत नाही. भंगारातल्या ट्रकच्या ब्रेक ड्रमचीही चांगली भट्टी होते. त्याला वारा खालून देतात आणि नळीवर जाळी बसवतात. मला स्वतःला बाजूने वारा देणारी मातीची भट्टी जास्त आवडते, कारण खळगा लहान-मोठा करणं आपल्या हातात राहतं.

ही रचना किती जुनी आहे, याचा पुरावा विदर्भातच आहे. नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथे शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी केलेल्या उत्खननात महापाषाणयुगीन वस्तीतली लोखंड गाळायची भट्टी सापडली. मातीच्या विटांची भिंत आणि वारा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या असा तिचा थाट होता. काळ ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकाचा. ती खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, आपली फक्त लोखंड तापवणारी. पण मातीची भिंत, कोळसा आणि बाजूने शिरणारा वारा हे तिघं तेव्हाही होते. त्यातल्या कोणत्याही एकाला मोठा कारखाना लागत नाही, ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटते.

वाऱ्याबद्दल एकच सांगायचं तर तो कमी-जास्त करता आला पाहिजे. कातडी भात्यात ते हाताच्या लयीतून आपोआप व्हायचं, हातपंख्यातही होतं. विजेचा ब्लोअर आणला की नवशिका तो पूर्ण वेगाने सोडतो. कोळसा भराभर संपतो, ठिणग्यांचा फवारा उडतो आणि लोखंड तापण्याऐवजी जळतं. तेव्हा नळीत सरकती पट्टी बसवावी किंवा फाटा काढून जादा वारा बाहेर सोडावा. लहान भट्टीला केस वाळवायच्या यंत्राचा थंड झोतही पुरतो. तरी जमलं तर हातपंखाच घ्यावा. हात थांबला की वारा थांबतो. सळई आत ठेवून माणूस गप्पांत रमला तर ब्लोअर तिला वितळवून टाकतो, हातपंखा तसं करत नाही. नळी साध्या काळ्या लोखंडाची हवी. जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची पाइप आगीजवळ कधीही लावू नये. जस्त जळालं की पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. भंगारातून आणलेला मुलाम्याचा कोणताही तुकडा भट्टीत टाकताना हीच काळजी घ्यावी.

कोळसा तीन तऱ्हेचा मिळतो. लाकडी कोळसा स्वच्छ जळतो, त्यात गंधक जवळजवळ नसतं आणि तो लवकर पेटतो. तंदुरीवाल्यांना माल देणाऱ्या वखारीत तो पोत्याने मिळतो. बाभळीचा असेल तर घट्ट आणि तापट. त्याचा दोष एवढाच की तो भराभर संपतो. दगडी कोळसा आधी दाट पिवळट धूर सोडतो, मग त्याचा कोक होतो आणि तो कोक उत्तम तापतो. पण शेजारीपाजारी घरं असतील तर त्या धुराने भांडणं होतील. तयार कोक धूर करत नाही, पण वारा थांबला की विझायला लागतो, त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्याला तो जरा नखरेल वाटतो. नवशिक्याने लाकडी कोळसाच घ्यावा. सुपारीएवढे तुकडे करून चाळून घ्यावेत, कारण भुग्याने वारा अडतो आणि मोठ्या ढेकळांतून तो निसटतो. दगडी कोळसा किंवा कोक वापरला तर तासा-दीड तासाने खळग्याच्या तळाशी काचेसारखं चिकट कीट साठतं. आग अचानक मंदावली तर ब्लोअरवर शंका घेण्याआधी ते कीट आकड्याने काढून पाहावं.

भट्टी कुठे मांडायची हेही महत्त्वाचं आहे. तापलेल्या लोखंडाचा रंग हेच लोहाराचं तापमापक. भर उन्हात तो रंग दिसत नाही. लालसर वाटणारी सळई सावलीत पाहिली तर पिवळी निघते आणि तोवर ती जळण्याच्या बेतात असते. म्हणून मांडव किंवा पत्र्याची शेड हवी, पण बाजू उघड्या हव्यात. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस जाळणं जिवावर बेतू शकतं, कारण कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. गॅसची भट्टी शहरात सोयीची असते, पण तिला जास्त दाबाचा रेग्युलेटर, नीट बसवलेला बर्नर आणि व्यावसायिक सिलिंडर लागतो. घरगुती सिलिंडर तिच्यासाठी वापरणं नियमबाह्य आहे. आग कशी वागते ते कोळशावर कळतं. गॅस दुसऱ्या वर्षी घ्यावा.

आता ऐरण. शिंग असलेली मोठी इंग्रजी घाटाची ऐरण सुंदर दिसते यात वाद नाही. पण हातोड्याखाली जे काम होतं ते तळहाताएवढ्या जागेत होतं, आणि त्या जागेच्या बरोबर खाली किती वजन आहे हेच महत्त्वाचं. हातोड्याच्या निदान २० पट वजन ऐरणीत हवं, ५० पट असेल तर चैन. किलोभराच्या हातोड्याला २०-२५ किलोंचा ठोकळा चालतो. चार इंच चौरस आणि एक फूट उंच पोलादी ठोकळा साधारण २४-२५ किलो भरतो. औद्योगिक वसाहतीजवळच्या भंगारवाल्याकडे असे कापलेले तुकडे किलोच्या भावाने मिळतात. जाड शाफ्टचा तुकडा, मोठ्या घणाचं डोकं ओंडक्यात गाडून, फोर्कलिफ्टच्या दात्याचा तुकडा, काहीही चालतं.

रेल्वेच्या रुळाबद्दल सगळे विचारतात. आपल्याकडे ५२ आणि ६० किलो प्रति मीटर वजनाचे रूळ वापरात आहेत, म्हणजे जड रुळाचा फूटभर तुकडा १८ किलोंच्या आसपास भरतो. तो आडवा ठेवला तर मधली पट्टी पातळ असल्याने उसळतो आणि कानठळ्या बसवतो. उभा गाडला तर सगळं वजन घावाखाली येतं आणि तोंड लहान असलं तरी काम छान होतं. मात्र रूळ घेताना लिलावातल्या मालाचं बिल मागून घ्यावं. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि तो कडक आहे.

बाजारात ऐरणीच्या आकाराचे स्वस्त ओतीव तुकडे मिळतात, त्यांपासून जपावं. ओतीव लोखंड, म्हणजे बीड, ठिसूळ असतं, त्याच्या कडा तुटतात आणि घावाची शक्ती ते गिळून टाकतं. पारख सोपी आहे. बेअरिंगची पोलादी गोळी वीतभर उंचीवरून टाकावी. चांगल्या ऐरणीवर ती तीन चतुर्थांश उंचीपर्यंत परत उसळते, बिडावर मलूल पडते. ऐरणीची उंचीही अंगाच्या मापाची हवी. सरळ उभं राहून मूठ वळून हात सोडला की बोटांचे सांधे जिथे येतात तिथे ऐरणीचं तोंड यावं. उंच झाली तर खांदे भरून येतात, ठेंगणी झाली तर कंबर जाते. घिसाडी खाली बसून काम करतो, म्हणून त्याची ऐरण जमिनीलगत असते. ज्यांना उकिडवं बसायची सवय उरलेली नाही त्यांनी बाभळीचा ओंडका उभा गाडावा किंवा वाळूने भरलेल्या पेटीत ठोकळा रोवावा. एक कड कानशीने गोल करावी, दुसरी तीक्ष्ण ठेवावी. कुठल्याही लोहाराकडे गेलात तर ऐरणीवर पाय ठेवू नका, तिच्यावर बसू नका. खंडेनवमीला तिची पूजा होते आणि वर्षभर तिचा मान राखला जातो.

हातोडा दोन पौंडी, म्हणजे ८०० ग्रॅम ते एक किलो. जड हातोड्याने काम लवकर होईल असं वाटतं, पण तो दहा मिनिटांत हात थकवतो आणि थकलेला हात वाकडे घाव घालतो. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात. त्या घासून तोंडाला किंचित फुगीरपणा द्यावा, नाहीतर प्रत्येक घावाची चंद्रकोर लोखंडावर उमटते. एका बाजूला आडवी चोच असलेला हातोडा घ्यावा, कारण लोखंड लांबवायला ती चोच फार उपयोगी पडते. दांडा ढिला झाला की थांबून पाचर ठोकावी. घण मात्र नंतर, आणि दोघं असतील तरच. घण घालणारा लोहाराच्या छोट्या हातोड्याकडे पाहतो. तो जिथे टिचकी मारतो तिथे घण पडतो. लोहाराने हातोडा रिकाम्या ऐरणीवर वाजवला की घण थांबतो.

सांडशीची घाई नको. सुरुवातीला दोन फूट लांबीची १० किंवा १२ मिलिमीटरची सळई घ्या आणि तिच्या टोकावर काम करा. पोलादातून उष्णता हळू सरकते, त्यामुळे दुसरं टोक बराच वेळ हातात धरता येतं. सैल सांडशीतून निसटलेला तापलेला तुकडा उडून कुठेही जातो, म्हणून जी सांडशी घ्याल तिच्या जबड्यात तुमच्या सळईची जाडी घट्ट बसते ना ते पाहून घ्या. पुढे आपली सांडशी आपणच घडवायची. शेगड्याच्या, म्हणजे व्हाइसच्या, बाबतीत मात्र हात आखडू नका. जमिनीपर्यंत पाय असलेला जुना लोहारी व्हाइस मिळाला तर ऐरणीहून जास्त पैसे त्याला द्या. त्यात धरून तापलेलं लोखंड ठोकलं तरी घाव पायातून जमिनीत जातो. साधा बाकावरचा व्हाइस अशा घावांनी तडकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात डोळे उघडे ठेवून फिरलं तर अशी वस्तू कधीतरी समोर येते.

शिकायला साधं मऊ लोखंड घ्यावं, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळणारी चौकोनी किंवा गोल सळई. चूक झाली तरी ते क्षमा करतं. ते नारिंगी ते पिवळं असताना ठोकायचं आणि लाली मावळू लागली की पुन्हा आगीत घालायचं. काळपट पडलेल्या लोखंडावर घातलेले घाव वाया जातात, आणि पोलाद असेल तर त्याला आतून तडे जातात. धारेच्या वस्तूंसाठी ट्रकचा कमानपाटा हा आपल्याकडचा नेहमीचा माल. कोयते, कुऱ्हाडी त्यातूनच होतात. पण जुन्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, म्हणून कापलेला तुकडा तापवून, वाकवून, नीट न्याहाळून मगच पुढचा घाट करावा. पोलाद झगझगीत होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकू लागलं तर तेवढा भाग गेला. तो कापून टाकावा.

पाणी देणं हा स्वतंत्र अभ्यास आहे, पण त्याचा पाया लवकर घालावा. पोलाद लाल करून त्यावर चुंबक धरून पाहावं. ७७० अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून जरा वर नेऊन बुडवलं की ते कडक होतं. मीठ ८०१ अंशांना वितळतं, म्हणून पोलादावर टाकलेले मिठाचे खडे पाघळले की तापमान कळतं. कमानपाटा पाण्यात तडकू शकतो. मुरलेला लोहार पाण्यात किती आणि केव्हा बुडवायचं ते डोळ्यांनी जाणतो, नवशिक्याने कोमट केलेलं खाद्यतेल वापरावं, तेही झाकण असलेल्या लोखंडी डब्यात, कारण तेल पेटतं. कडक झालेली वस्तू काचेसारखी ठिसूळ असते. ती घासून चकचकीत करून पुन्हा हलकी तापवली की पृष्ठभागावर आधी फिकट पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा असे रंग धावतात. पिवळा २२०-२३० अंशांना येतो, निळा ३०० च्या जवळ. सुरीला पिवळ्या-तपकिरीवर थांबवायचं, छिन्नीला जांभळ्या-निळ्यावर.

अंगावर सुती कपडे, पायांत कातडी बूट, डोळ्यांवर चष्मा. नायलॉन, पॉलिस्टर अंगाला चिकटून जळतं. ओढणी किंवा पदर खोचून घ्यावा. हातोड्याच्या हातात मोजा घालू नये, पकड सुटते. काळं दिसणारं लोखंडही ४०० अंशांवर असू शकतं, म्हणून जमिनीवर पडलेला कोणताही तुकडा उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावं. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी आगीत कधीही टाकू नये, ती फुटते. भाजलं तर लगेच वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरावं. हळद, टूथपेस्ट, तूप काही लावू नये.

पहिलं काम म्हणून सळईचं टोक चौकोनी निमुळतं करा. चौकोनी जमल्याशिवाय गोल करू नका, कारण गोल ठोकत गेलं की मधे पोकळ चीर पडते. मग त्याचा आकडा करा, मग भट्टी उकरायला सळई, मग छिन्नी आणि टोचणी, मग सांडशी. या क्रमात गेलात तर दुकानातून घ्यायच्या वस्तू हातोडा, कानस आणि चष्मा एवढ्याच उरतात. टाकणखार घालून लोखंड लोखंडाला सांधणं, गुंफलेल्या पोलादाची सुरी, हे सगळं त्यानंतर.

आणि शिकायचं कुणाकडे? व्हिडिओ उपयोगी आहेत, पण त्यांत रंग खरा दिसत नाही आणि आवाज तर मुळीच खरा नसतो. गावात लोहार असेल तर त्याच्याकडे, नसेल तर रस्त्याकडेच्या घिसाडी कुटुंबाकडे जावं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय आहेत त्यांत लोहारकाम आहे, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं साहाय्य आहे. ते ज्यांचा हा पिढीजात धंदा आहे त्यांच्यासाठी. हौशी माणसाने त्यावर डोळा ठेवू नये. उलट पालावर बसणाऱ्या कुणाला त्याची माहिती नसेल तर अर्ज भरायला मदत करावी. भटक्या कुटुंबाकडे कागदपत्रं पुरेशी नसतात आणि तिथेच सगळं अडतं.

हंगामाची गर्दी ओसरल्यावर जावं. सोबत आपली तुटकी कुदळ किंवा बोथट खुरपं न्यावं, म्हणजे निमित्त खरं असतं. कामाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत, आणि पाहण्या-शिकण्यात त्यांचा वेळ गेला तर त्या वेळेचे वेगळे द्यावेत. फोटो काढायचा तर आधी विचारावं. तिथे पंख्याच्या चाकाकडे पाहावं, ते कधी मंदावतं, कधी थांबतं. सळई निखाऱ्यांत किती खोल जाते आणि कोणत्या रंगावर बाहेर येते ते पाहावं. घण घालणाऱ्या बाईचे पाय कसे रोवलेले आहेत, घण वर जाताना दांड्यावरचा हात कसा सरकतो, तेही पाहावं. मग विचारावं की पंखा जरा मी फिरवू का. बहुधा नाही म्हणत नाहीत.